नाही सापडलं तर चालू

टण्... टण्... टण्...

लोखंडी शिडीवर पक्कड तीनदा आपटल्याचा हा आवाज. शेवटचा ऐकला त्याला सतरा वर्षं झाली. अजूनही स्वयंपाकघरात भांड्यावर भांडं आपटलं की माझा घास हातात राहतो. नात विचारते, "आजोबा, काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, ठसका लागला."

आज ती ऐकेना. नातजावईही पाय पसरून बसला. दोघं कॉम्प्युटरवर काम करतात, तेव्हा ही गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. मी चौथी शिकलेला. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो. गोष्ट माझी नाही, मास्तरची आहे. आणि तारवाल्याची.

मी तेव्हा पुठ्ठ्याच्या कारखान्यात यंत्रांना तेल घालायचो. जुन्या खोक्यांचे गठ्ठे तारेने बांधून यायचे आणि तसेच हौदात पडायचे. हौद म्हणजे दोन पुरुष खोल गोल टाकी, तळाला माणसाच्या उंचीएवढं पोलादी पातं. पाणी सोडून पातं फिरवलं की तासाभरात पुठ्ठ्याचा लगदा. पण गठ्ठ्यांच्या तारा विरघळतात थोड्याच? त्या पात्याला गुंडाळत जायच्या. दोन-चार दिवसांत मांडीएवढा जाड गुंडा व्हायचा आणि पातं अडायचं. मग हौदातलं पाणी काढून टाकायचं आणि एक माणूस पक्कड घेऊन शिडीने आत उतरायचा, तार तोडत बसायचा. तोच आमचा तारवाला.

उतरताना तो शिडीवर पक्कड तीनदा आपटायचा. वर यायला निघाला की दोनदा. तीन म्हणजे गेलो, दोन म्हणजे आलो.

आणि आमच्याकडे एक रीत होती. मोटरच्या खटक्याला कुलूप होतं. खटका पाडायचा, कुलूप लावायचं, आणि जो आत उतरेल त्याने चावी स्वतःच्या खिशात घालून उतरायचं. चावी आत तर माणूस आत. मालक येवो की मालकाचा बाप येवो, माणूस वर येईपर्यंत मोटर लागायची नाही. त्या चावीला मी निळी सुतळी बांधून दिली होती, लगद्यात पडली तर दिसावी म्हणून.

एकदा तारवाला चावी शर्टाच्या खिशात घेऊन तसाच घरी गेला. अर्धी पाळी मोटर बंद. मालकाने त्याला सगळ्यांसमोर नाही नाही ते ऐकवलं. तारवाला म्हणाला, "मालक, चावी घरी गेली म्हणजे मीपण घरी पोचलो. बायकोला तेवढंच हवं असतं." सगळे हसले. मालक हसला नाही. दुसऱ्या महिन्यात त्याने मास्तरला आणला.

मास्तर कुणाला शिकवत नव्हता. पंचविशीतला पोरगा, जाड चष्मा, आणि दिसेल त्याला समजावून सांगायची हौस, म्हणून मास्तर. त्याने हौदाच्या काठाजवळ एक कॉम्प्युटर बसवला, खटक्याचं कुलूप आणि मूठ काढून टाकली, आणि मोटर त्या कॉम्प्युटरच्या ताब्यात दिली.

"काका, सोपं आहे," तो मला म्हणाला. "यात एक फाइल आहे."

"म्हणजे?"

"वही समजा. जो आत उतरेल त्याने वहीत लिहायचं, तारवाला आत. वर आला की पुसायचं. कॉम्प्युटर दर मिनिटाला वही वाचतो आणि 'आत' हा शब्द शोधतो. सापडला, तर मोटर बंद. नाही सापडला, तर चालू. दोन ओळींचं काम आहे. चावी हरवायची भानगडच नाही."

तारवाला मागे उभा होता. म्हणाला, "आणि वहीच हरवली तर?"

"कॉम्प्युटरमध्ये वही हरवत नाही."

"बरं बुवा. लिहिलं की जीव वाचतो हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी शाळा सोडली नसती."

बटणांवर मास्तरने अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तारवाला एका बोटाने, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर शोधून लिहायचा. लिहून झालं की कॉम्प्युटरवरचा दिवा हिरव्याचा लाल होईपर्यंत हलायचा नाही. मग शिडीवर तीन टोले. चार वर्षं हे बिनघोर चाललं. वही फार मोठी होते म्हणून मास्तरने सुरुवातीलाच रोजची वेगळी वही केली. तारीख बदलली की आपोआप नवी वही उघडायची.

इथे नातजावयाने पाय आखडून घेतले. "आजोबा, थांबा. रोज नवी फाइल? म्हणजे रात्री बारा वाजता..."

"गप्प बस," मी म्हणालो. "तुला पटकन कळलं. मास्तरला चार वर्षं कळलं नव्हतं."

"टेस्ट नाही केलं कोणी?" नात म्हणाली.

"ज्याने केलं, तो सांगायला राहिला नाही."

नऊ ऑक्टोबर. गुरुवार. रात्री अकरा चाळीसला पातं अडलं. एरवी तारवाला दिवसा उतरायचा, रात्री कधी वेळ आली नव्हती. पण त्या रात्री गुंडा फार मोठा होता. मी तिथेच बेअरिंगला तेल देत होतो. त्याने लिहिलेलं मी पाहिलं. पडद्यावर शब्द उमटले, तारवाला आत. दिवा लाल झाला. त्याने शर्ट काढून खुंटीला टांगला, बनियनवर उतरला. टण्, टण्, टण्.

थोड्या वेळाने खालून हाक आली. "दादा, पकडीने होत नाही. गोदामातली मोठी कातर आणा ना."

"आणतो. घाई नको करूस."

"घाई कसली, रात्र आपलीच आहे."

गोदाम आवाराच्या पलीकडे. मी कातर घेतली. परत येताना नळावर थांबून पाणी प्यालो. तहान लागली होती. तोंडावर पाणी मारलं. दोन मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

दारात आलो तर दिवा हिरवा.

आधी वाटलं, तो वर आला असेल. मग मोटर घोंगावली. आणि हौदातून आवाज आला... ओल्या कपड्यांचं गाठोडं दगडावर आपटावं तसा. पुन्हा. पुन्हा. मग शिडीवर एक टोला.

टण्...

मी दुसऱ्या टोल्याची वाट पाहिली. दोन म्हणजे आलो.

दुसरा आला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून एक मिनिट झालं होतं. मी मुख्य खटक्याकडे धावलो, सगळा कारखाना अंधारात पाडला. बॅटरी घेऊन हौदात पाहिलं. राखाडी लगदा अजून गोल फिरत होता, हळूहळू थांबत. तो राखाडी नव्हता. तारेच्या गुंड्यात एक हात होता, कोपरापासून. पक्कड त्या मुठीत तशीच. बाकीचं सकाळपर्यंत बादल्यांनी काढलं. पोरांनो, एवढंच सांगतो. घरी द्यायला आम्ही जे बांधलं, त्याला मुद्दाम जड केलं होतं.

चौकशीला वरून साहेब आला. मास्तरने वही उघडून दाखवली. दहा ऑक्टोबरची. कोरी. "बघा, त्याने लिहिलंच नाही." नऊ तारखेची वही मागितली तर म्हणाला, जुन्या आपोआप पुसल्या जातात.

साहेबाने मला विचारलं, "तू होतास ना? लिहिताना पाहिलंस?"

मालक खिडकीशी उभा होता. माझ्याकडे पाहत नव्हता, पण ऐकत होता. घरात तेव्हा ह्या पोरीची धाकटी मावशी लग्नाची होती.

मी म्हणालो, "मी कातर आणायला गेलो होतो, साहेब."

खोटं नव्हतं ते. म्हणून तर जास्त लागतं.

कागदावर आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. ते वाचून दाखवलं तेव्हा तारवाल्याचा मेहुणा तिथेच होता. गठ्ठे उतरवायचा तो, हाताचे पंजे फावड्यासारखे. त्याने मास्तरची कॉलर धरली, हौदापर्यंत फरफटत नेला आणि तोंड लोखंडी काठावर आपटलं. एकदा नाही. चष्मा फुटून काच गालात घुसली. तीन दात काठावर पडले. "माझा दाजी दाराला कडी लावली की नाही ते रात्री चारदा बघायचा," तो प्रत्येक आपटण्याबरोबर म्हणत होता. "चारदा. चारदा. चारदा." आम्ही पाच जणांनी त्याला ओढला. पोलीस घेऊन गेले. मास्तर काठाला टेकून रक्त थुंकत बसला होता आणि मला एक गोष्ट विचित्र वाटली. त्याने एकदाही हात वर केला नव्हता.

त्या संध्याकाळी वहिनी फाटकाशी आल्या. तारवाल्याची बायको. खुंटीवरचा शर्ट न्यायला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "एवढंच सांगा. ते लिहायला विसरले का हो?"

मी शर्टाची घडी घालत होतो. घडी घालायला किती वेळ लागतो? मी घालत राहिलो.

"नाही, विसरले असतील तर विसरले," त्या म्हणाल्या. "पण मग माझ्यावर चिडून गेले असतील. त्या दिवशी मी भांडले होते. डोकं ठिकाणावर नसेल. असंच ना?"

मी शर्ट त्यांच्या हातात दिला. त्या शर्ट छातीशी धरून गेल्या. मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

हौद धुऊन आठव्या दिवशी पुन्हा सुरू झाला. त्या रात्री बाराला मी तेल देत होतो. मोटर चालू. हौदापाशी कुणी नाही.

टण्... टण्... टण्...

मोटर थांबली. दिवा लाल. मी पडद्याकडे पाहिलं.

तारवाला आत.

मास्तरला बोलावलं. गालावर टाके, तोंड सुजलेलं. म्हणाला, कुणीतरी मस्करी करतंय. त्याने ओळ पुसली. मोटर लागली. मिनिटभराने पुन्हा टोले, पुन्हा तीच ओळ. त्याने बटणांची पाटी उपटून टेबलावर उलटी टाकली. तरी आली. अक्षरं एकदम उमटत नव्हती. एक... मग थोडं थांबून दुसरं... कुणीतरी एका बोटाने शोधत असल्यासारखी.

मास्तर जमिनीवर बसला. मग मला म्हणाला, "काका, त्याने लिहिलं होतं. मला माहीत आहे. मी वाचलं आणि मग पुसलं."

"का?"

"बाराला वही बदलते. त्याची ओळ कालच्या वहीत राहिली. कॉम्प्युटरने नवी उघडली, कोरी. शोधलं, नाही सापडलं... नाही सापडलं तर चालू, असं मीच लिहिलंय." तो फुटक्या तोंडाने हसल्यासारखं करत होता. "नाही सापडलं तर बंद, असं लिहायला हवं होतं. काका, मला तुरुंगात टाकतील हो. घरी आई एकटी आहे."

मी म्हणालो, "जाऊन वहिनींना तरी सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. "सांगतो."

सांगितलं नाही. मीही नाही.

महिना असा गेला. रोज बाराला तीन टोले, ओळ, मोटर बंद, सकाळपर्यंत लागायची नाही. मास्तरने शोधायचा शब्द बदलला, तर वहीत तो नवा शब्द यायला लागला. नवीन तारवाला ठेवला होता तो पगार न घेताच पळाला. मालक मास्तरला म्हणाला, "रात्रीचा माल निघाला नाही तर तू निघ. आणि निघताना साहेबाला मी काय सांगायचं ते मला माहीत आहे." त्यालाही कुणकुण होती तर.

तेव्हा मास्तरने ते केलं. सतरा नोव्हेंबरच्या दुपारी मला डोळे मिचकावत म्हणाला, "काका, उलटं केलं."

"काय उलटं?"

"शब्द पुन्हा पहिलाच ठेवला. आत. पण आता सापडला तर चालू, नाही सापडला तर बंद. दिवसा आपण लिहून मोटर लावायची. रात्री तो लिहील. लिहू दे लेकाला. जितकं लिहील तितका माल."

"मास्तर, तो ज्यासाठी लिहितो..."

"तो नाहीच आहे, काका."

त्या रात्री बाराला कोरी वही उघडली, मोटर बंद झाली. तीन टोले पडले. ओळ आली. आणि मोटर लागली. पहाटेपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्रीही. मालकाने मास्तरची पाठ थोपटली. मेलेल्या माणसाला पाळीवर लावलं होतं आम्ही.

वीस नोव्हेंबर. पुन्हा गुरुवार. रात्री सव्वाअकराला पातं अडलं.

आत उतरायला माणूस नव्हता. मालकाचा फोन, सहाला गाडी भरायची आहे. मास्तरने फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"मी उतरतो."

"मुख्य खटका पाडू या," मी म्हणालो.

"पलीकडे पुठ्ठा सुकतोय. वीज गेली तर सगळा तुटेल, मालक मला सोलेल. हे बघा, मी ओळ पुसली. वही कोरी. कोरी म्हणजे बंद. आणि बाराच्या आत मी वर. पक्का अर्धा तास आहे."

मी त्याच्या टेबलाच्या खणातून ती जुनी चावी काढली. निळी सुतळी तशीच होती. "ही खिशात घाला."

"कुलूपच नाही, तर चावी कशाला?"

"असू दे. मला बरं वाटेल."

त्याने चावी शर्टाच्या खिशात टाकली, माझ्यासमोर बटण लावलं. "झालं समाधान?" म्हणाला, आणि उतरला. टोले दिले नाहीत.

मी काठावर बॅटरी धरून उभा. तो तोडत होता. बोलत होता, आईबद्दल, तिला दिसत कमी झालंय, तिला दवाखान्यात न्यायचंय. पावणेबारा. मी म्हणालो, या वर. "एवढी एक गुंडाळी." बाराला दहा कमी. गुंडा सैल होऊन घसरला आणि तारेचा फास त्याच्या घोट्याला बसला.

तो ओरडला नाही. म्हणाला, "काका, अडकलो. गोदामातली कातर आणा."

कातर.

"मी जाणार नाही," मी म्हणालो. "या वेळी जाणार नाही."

मी शिडीने खाली उतरलो. गुडघाभर थंड लगदा. दोघे मिळून तार ओढत होतो. तार घोट्यात रुतत गेली, हाड लागलं. एक तुटली. दुसरी तुटली. आत आणखी होती. मी एका हाताने शिडी धरली होती...

टण्.

शिडी माझ्या हातात थरथरली. वरच्या पायरीवर कुणी नव्हतं.

टण्.

मास्तरने पक्कड सोडली.

टण्.

मी वर चढलो. कसा चढलो ते माहीत नाही. ओळ पुसून मास्तरने उपटलेली बटणांची पाटी भिंतीशी उलटी पडलेली. पडद्यावर नवी वही. कोरी. मग एक अक्षर.

मा

"काका?" खालून. "काय आहे?"

स्त

"लिहितोय."

"काय लिहितोय?"

र



"तुमचं नाव."

पाणी ठिबकल्याचा आवाज. मग तो अगदी हळू म्हणाला, "वाचवायला आलाय तो मला. त्याला जुनंच माहीत आहे."

आ



"मास्तर, पुसू कसं? सांगा. पुसू कसं?"

"नाही पुसत ते. काका... वहिनींना सांगा. त्याने लिहिलं होतं."

त



मी धावलो. मुख्य खटका पन्नास पावलांवर. कॉम्प्युटर मिनिटाला एकदाच वाचतो, हे मला ठाऊक होतं. पन्नास पावलं. वाटेत तेल सांडलेलं. माझंच तेल. पडलो. उठलो. हाताचं हाड मोडलं होतं, ते नंतर कळलं. खटक्यावर हात पोचला...

मागे दिवा हिरवा झाला.

त्याच्या किंचाळण्याला मी शब्द देणार नाही. ते फार वेळ नव्हतं. मग गाठोड्याचा आवाज. तोच. मी खटका पाडला. अंधार. लगदा फिरत फिरत थांबला.

काठावर परत यायला मला किती वेळ लागला कोण जाणे. बॅटरी खाली पडलेली, उजेड हौदाच्या भिंतीवर. भिंतीवर वरपर्यंत शिंतोडे. मास्तर तारेत उभाच होता, म्हणजे जेवढा उरला तेवढा. पायाचा फास तसाच, घट्ट. कमरेच्या वर मान एका बाजूला, छातीवर शर्ट. शर्ट शाबूत होता. पहाटे पोलिसांनी काढला तेव्हा मी जवळ होतो. खिशाचं बटण लावलेलं होतं. मी सांगितलं, यात एक चावी आहे, निळ्या सुतळीची. शिपायाने बटण उघडलं.

खिसा रिकामा.

हौद उपसला. लगदा चाळला. तारेचा तुकडा न् तुकडा वेगळा केला. चावी नाही.

"आजोबा," नात म्हणाली. तिने नवऱ्याचा दंड धरला होता. "पुरे आता."

"थोडंच राहिलं."

मी हात गळ्यात बांधून सरळ वहिनींकडे गेलो. सकाळचे सात. एका खोलीचं घर, दारात बादली, दोरीवर पोरांचे कपडे. वहिनींना रात्रीचं अजून काही कळलेलं नव्हतं. कोण सांगणार? मेहुणा तुरुंगात, कारखान्यात कुणाला तोंड नाही. त्या दाराशीच उभ्या होत्या, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारख्या. हातात तारवाल्याचा शर्ट. तोच, मी घडी घालून दिलेला.

"भाऊजी, हे बघा ना," त्या म्हणाल्या. "पेटीत तळाला ठेवला होता. धुऊन, कोरडा करून. खिसा मी स्वतः उलटा करून धुतला होता. आज पहाटे पेटीतून पाणी गळत होतं."

शर्ट कोरडा होता. फक्त खिसा ओला. खिशाच्या कडेला राखाडी लगदा, अजून मऊ.

मी खिशात दोन बोटं घातली. गार लोखंड लागलं. बाहेर काढलं.

निळी सुतळी.

मी उंबऱ्यावर बसलो. चावी घरी गेली म्हणजे मीपण घरी पोचलो... त्यानेच म्हटलं होतं.

"वहिनी," मी म्हणालो. सहा आठवडे जे गिळलं होतं ते बाहेर यायला वेळ लागला. "त्याने लिहिलं होतं. मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. दिवा लाल होईपर्यंत थांबला होता. तुमच्यावर चिडलेला नव्हता. हसत होता. मी तेव्हा बोललो नाही."

रडतील असं वाटलं. थोबाडीत मारतील असंही वाटलं, आणि मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी यांतलं काहीच केलं नाही. माझ्या तळहातावरची चावी उचलली. सुतळीला लागलेला लगदा बोटाने पुसला. चावी शर्टाच्या खिशात परत ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि घरात निघून गेल्या.